धुतलेले पेले

पेले धुतलेले होते. मी मागच्या खोलीचं दार लोटलं, सवयीनं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, बाह्या वर सारल्या, नळ सोडला आणि मग ट्रेकडे वळले, तर पेले धुतलेले. नुसते विसळलेले नव्हेत. धुतलेले, पुसलेले, टॉवेलावर पालथे मांडलेले, एकाला एक न चिकटता. नळ तसाच वाहत राहिला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की आपण चुकून दुसऱ्याच दिवशी आलो. मग वाटलं, आपणच मघाशी धुतले असतील आणि विसरलो असू; वय होतंच आलंय. मी एक पेला उचलून उजेडाकडे धरला. काचेवर डाग नव्हता, थेंब सुकल्याचं वर्तुळ नव्हतं, बोटाचा ठसा नव्हता. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी नळ बंद करून तिथल्या स्टुलावर बसले.

महिन्यातून एकदा आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा एवढासा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यातून घोटभर द्राक्षरस. उपासना संपली की वडीलमंडळी रिकाम्या पेल्यांचे ट्रे मागच्या खोलीत आणून ठेवतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात. पुढच्या महिन्यात पेले पुन्हा स्वच्छ असतात. मधे काय होतं हे कुणी कधी विचारलं नाही. पाळकसाहेबांना बहुतेक वाटतं, राखणदाराची बायको धुते. राखणदाराच्या बायकोला वाटतं, पाळकीणबाई धुतात. पाळकीणबाईंना, माझ्या अंदाजानं, काहीच वाटत नाही. धुते मी. माझ्याआधी आई धुवायची. तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं मला या खोलीत आणलं, नळ किती फिरवला की किंचाळत नाही ते दाखवलं, टॉवेल कुठे असतात ते दाखवलं, आणि निघताना म्हणाली, ‘कुणाला सांगू नकोस हं. सांगितलंस की संपलं.’ काय संपलं ते काही बोलली नाही. पण मला कळलं. आमच्यात लहानपणापासून कानावर असतंच ना, उजव्या हातानं केलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये. म्हणून मी सगळे जाईपर्यंत बाकावर रेंगाळते, हरवली नसलेली छत्री शोधते, आणि अंगण रिकामं झालं की मागे येते. घरी उशिराबद्दल विचारलं तर सांगते, पाळकीणबाईंनी बोलत उभं केलं. बिचाऱ्या पाळकीणबाई. आमच्या घरात त्यांची ख्याती फार बडबड्या म्हणून झाली आहे आणि त्यांना पत्ताही नाही.

आता मला सांगा, जे आपलं आहे हे कुणालाच ठाऊक नाही ते चोरीला गेलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं? माझं काम पळवलं म्हणायचं, तर आधी ते माझं होतं हे सांगायला हवं. आणि सांगितलं की संपलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी स्टुलावर बसून खोलीभर नजर फिरवली आणि मला खिडकीच्या गजावर वाळत घातलेला रुमाल दिसला. पिवळा, मऊ, कडेला बारीक दातेरी कातरलेला. मी लग्नाआधीपासून चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर आम्ही तो रुमाल देतो. खराब कातरले गेलेले रुमाल मी घरी आणते आणि ते माझ्या कपाटाच्या खालच्या खणात पडून असतात. दुकानात मी दिवसभर काचा पुसते. पण ते दुकानाचं आहे, म्हणून इतक्या वर्षांत तो रुमाल इथे आणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो खण माझ्याशिवाय एकच माणूस उघडू शकतं, कारण ते कपाट आता तिच्या खोलीत आहे. धाकटी. माझी बहीण. माझाच खण, माझाच रुमाल, माझेच पेले. आयत्या बिळावर नागोबा!

घरी आले तर धाकटी जेवणाच्या टेबलाशी हात गुंडाळून शहाण्यासारखी बसली होती. ‘आज पाळकीणबाईंनी लवकर सोडलं वाटतं,’ आमचे हे म्हणाले. धाकटी हसली. तिचं हसू आईचं आहे, मला मिळाली ती आईची भेगाळलेली टाच. मी ताटं वाढली. ती उठायला लागली तशी मी म्हणाले, ‘बस तू.’ ती बसली. मी तिच्या बोटांकडे बघत होते. शेंडे पांढरे पडून सुरकुतले होते, पाण्यात बराच वेळ गेल्यावर पडतात तसे. म्हणजे मी लपायचं म्हणून बाकावर छत्री शोधत बसते, आणि ही लपायच्या भानगडीत न पडता सरळ बाजूच्या दारानं आत शिरते, काम उरकते, आणि माझ्याआधी घरी येऊन टेबलाशी बसते. विचारावं का? काय विचारायचं? तू पेले धुतलेस का? मग ती म्हणेल, हो, का गं? मी तिच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली. ‘ताई, पुरे,’ ती म्हणाली. पुरे काय, मला आख्खं पातेलं तिच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटत होतं.

नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली. मूलबाळ नाही, घर भाड्याचं. मीच म्हणाले, ये. बहिणीला कोण नाही म्हणतं? मी तिला खोली दिली, कपाट दिलं, मऊ गादी दिली. पहिल्याच सकाळी तिनं झाडू घेतला तो मी तिच्या हातून काढून घेतला. ‘पाहुणी आहेस तू.’ ‘पाहुणी कसली गं, आता कायमचीच आले.’ ‘असू दे.’ तिनं कप विसळायला घेतला की मी तो घेते. ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली की मी उरलेले कपडे उचलून नेते, आणि खरं सांगायचं तर ती नसताना तिनं घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालते. विधवा बहिणीला राबवून घेतलं असं कुणी म्हणायला नको. लोक म्हणत नाहीतच. लोक म्हणतात, किती करता हो तुम्ही. आणि नंतर तिच्याजवळ जाऊन बसतात. हे तर तिच्या विनोदांवर असे हसतात की तसे ते माझ्या विनोदावर कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी विनोद केल्याचंही आठवत नाही, पण तो मुद्दा वेगळा. दुकानातसुद्धा तेच. परवा एक आजोबा चष्मा सैल झाला म्हणून आले. मी स्क्रू आवळला, काचा पुसून दिल्या, कानामागे काडी टोचतेय का बघितलं. चष्मा लावून ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘वा! आता स्पष्ट दिसतंय. तुमची ती बहीण येत नाही का हल्ली? फार गोड बाई.’ मी म्हटलं, येईल हो. आणि दुसऱ्याचा चष्मा घेऊन इतक्या जोरात पुसला की मालकीणबाईंनी वर बघितलं.

ही जळजळ आजची नाही. आई अंथरुणाला खिळली ती माझ्या घरात. तिचं सगळं मी केलं. कूस बदलणं, पुसून काढणं, भांडं देणं, भरवणं. त्यात मोठेपणा नाही, आई होती ती. दुकानातून दुपारी धावत घरी यायचं, तिला भरवायचं, पुन्हा धावत जायचं. तिचे पाय मी रोज कोमट पाण्यानं धुवायचे, कारण पाय गार पडले की तिला झोप लागत नसे. शेवटच्या वर्षी धाकटी चार दिवस आली. आली, उशाशी बसली आणि आईचं डोकं चोळत राहिली. बस्स, तेवढंच. त्या चार दिवसांत खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून आईच्या बोलण्याचा आवाज यायचा. माझ्याशी आई बोलायची ते ‘पाणी’, ‘उशी’, ‘हळू’, एवढंच. मी बाहेर चादरी पिळत उभी असायचे आणि आतला आवाज संपता संपायचा नाही. धाकटी गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, ‘धाकटीनं डोकं चोळलं. काय हात आहे तिचा!’ मी तिथेच उभी असायचे, हातात भांडं घेऊन. उपासनेत त्या उधळ्या मुलाची गोष्ट निघाली की सगळे परत आलेल्या धाकट्यासाठी डोळे पुसतात. मी मात्र नेहमी घरी राबत राहिलेल्या त्या थोरल्या भावाबरोबर शेतात उभी असते. बाप त्याला आत बोलवायला आला, पण मेजवानी सुरू झाल्यावरच ना?

आईनंतर मला उरली ती चर्चची ही मागची खोली आणि हे पेले. इथे धाकटी नव्हती. इथे किती चांगलं केलं असं म्हणायला कुणी नव्हतं आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाचं चांगलं म्हणायलाही कुणी नव्हतं. नम्रता, नम्रता म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं. आणि आता हीसुद्धा गेली. पुढचा महिनाभर मी धाकटीला बघत होते. ती काही बोलेल, काही निसटेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोर छान झोपत होती आणि चांदणं माझ्याच मनात पडलं होतं. मी खालचा खण उघडून रुमाल मोजायला बसले आणि किती होते तेच आठवेना. एकदा वाटलं, सरळ सांगून टाकावं. लगेच आईचं ‘संपलं’ कानात आलं. शेवटी मी ठरवलं, या वेळी छत्री वगैरे काही नाही. शेवटचं गीत सुरू झालं की उठायचं, मागे जायचं, ट्रे आले की कामाला लागायचं. कुणी बघितलं तर बघितलं.

त्या रविवारी पाळकसाहेब पाय धुण्याच्या गोष्टीवर बोलले. गुरू कमरेला टॉवेल बांधून वाकतो आणि शिष्य म्हणतो, माझे नाही, माझे कधीच नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की माझं लक्ष शेवटच्या गीताकडे होतं. आणि मग पाळकसाहेब म्हणाले, ‘आपल्यातही असं कुणीतरी आहे. आपले प्रभुभोजनाचे पेले कोण धुतं मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. पण अलीकडे ते इतके लखलखतात की हातात घेताना मला माझीच लाज वाटते. ज्यानं कुणी ते केलं, त्याला देव बघतो.’ सगळीकडे माना डोलल्या. माझ्या शेजारी धाकटी खाली बघत होती. वर्षानुवर्षं हे शब्द कुणी बोलावेत असं मला वाटत नव्हतं, अशी माझी समजूत होती. आता ते बोलले गेले तेव्हा कळलं की प्रत्येक महिन्याला मी त्या शब्दांचीच वाट बघत होते. आणि आले ते ‘अलीकडे’ घेऊन. अलीकडे! म्हणजे आधी नव्हते लखलखत. मी, जी काचेवरचा ठसा दुकानाच्या दारातून ओळखते, तिचे पेले चालण्यासारखे होते. आणि हिनं एकदा पुसले तर पाळकसाहेबांना लाज वाटली. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, लोक उठले, बोलले, गेले. मी बाकाला धरून बसून राहिले. भानावर आले तेव्हा अंगण रिकामं होतं आणि धाकटी शेजारी नव्हती.

मागच्या खोलीत गेले. पेले धुतलेले होते. पालथे, कोरडे, लखलखणारे. अगदी अलीकडचे. खोलीत कुणी नव्हतं. मी कपाट उघडलं. उरलेल्या द्राक्षरसाचा जग तिथे झाकून ठेवलेला असतो. मी तो घेतला, एक पेला सुलटा केला, त्यात थेंबभर रस ओतला, पेला फिरवला, रस बेसिनमध्ये ओतला. पेल्याला तांबूस कड उरली. मग दुसरा. मग तिसरा. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं असं नाही; चांगलं कळत होतं. हात मात्र शांत होते, दुकानात असतात तसे. एकेक पेला खराब होत होता आणि पुन्हा माझा होत होता. पहिला ट्रे झाला, दुसरा झाला. आता धुवायचे, की मिटलं. मग ते मी धुतलेले असणार. नळाला हात लावला आणि बाहेर पावलं वाजली. मी जग लपवायला वळले, कोपर ट्रेला लागलं, एक पेला बेसिनमध्ये पडून फुटला, आणि तुकडे घाईघाईनं गोळा करताना काच अंगठ्यात शिरली. हात दाखवून अवलक्षण ते हे.

दारात धाकटी होती, हातात पिशवी. ‘ओले टॉवेल घरी न्यायचे राहिले,’ ती म्हणाली आणि थांबली. तिनं ट्रेकडे बघितलं. तांबूस कडांचे ते सगळे पेले. जगाकडे बघितलं. मी म्हणाले, ‘वडीलमंडळींनी आणखी आणून ठेवले. मागाहून.’ इतकं वाईट खोटं मी शाळेतही बोलले नव्हते. मग तिला बेसिनमधलं रक्त दिसलं.

‘हात बघू.’

‘काही नाही झालं.’

‘ताई, हात दे.’

‘नको म्हणते ना! माझं मी बघते. तू जा घरी.’

‘नाही जात.’

तिनं पिशवी ठेवली आणि माझं मनगट धरलं. मी ओढून घ्यायला बघितलं, तिनं सोडलं नाही. तिच्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. तो वापरायची संधी मी तिला कुठे दिली होती? तिनं नळ सोडला, किंचाळणार नाही एवढाच, आणि माझा अंगठा पाण्याखाली धरला. नखानं काच काढली. मग फुंकर घालत घालत सगळा पंजा धुतला, बोटांच्या बेचकीत चिकटलेला रससुद्धा, एकेक बोट करून. रस कुठून लागला ते विचारलं नाही. आईनंतर कुणी माझा हात असा धुतला नव्हता, आणि आईनंही धुतला असेल तो माझ्या आठवणीच्या आधी. तिचे केस माझ्या अगदी तोंडासमोर होते. काय हात आहे तिचा, असं आई म्हणायची. खरंच होता. मला त्याचाच राग आला आणि मी ओरडलेच, ‘हे माझं काम आहे! ऐकतेस का? पेले माझे आहेत. आईनं मला दिलेत!’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. तिनं खिडकीतला पिवळा रुमाल माझ्या अंगठ्याभोवती गुंडाळला. ‘माहीत आहे म्हणून तर करत होते.’

‘कुणी सांगितलं तुला?’

‘आईनं. अजून कोण सांगणार?’ ती माझ्याकडे न बघता गाठ मारत होती. ‘घरात तू मला कप विसळू देत नाहीस. झाडू धरला की काढून घेतेस. माझ्या घड्या मोडून पुन्हा घालतेस, कळतं मला. शोकेसमधली बाहुली करून ठेवलंयस. म्हटलं, तुझं काहीतरी करावं, पण तुला कळलं तर करू देणार नाहीस. म्हणून इथे. तुला वाटेल राखणदाराच्या बायकोनं केलं.’

‘आईनं कधी सांगितलं?’

‘मी डोकं चोळत होते ना, तेव्हा. दुसरं काही बोलायचीच नाही ती. थोरली असं करते, थोरली तसं करते. चार दिवस मी तुझंच पुराण ऐकत होते. खरं सांगू? जळायचे मी तुझ्यावर. पाचव्या दिवशी गेले ती म्हणूनच गेले.’

हे ऐकल्यावर काहीतरी सुटायला हवं होतं, मोकळं व्हायला हवं होतं. झालं ते असं की मला ते लोटलेलं दार दिसलं आणि बाहेर चादरी पिळणारी मी दिसले, आणि मनात आलं, म्हणजे माझ्याबद्दलचंसुद्धा आईनं हिलाच दिलं. सांगितलंस की संपलं म्हणणाऱ्या बाईनं स्वतः सांगितलं, आणि सांगितलं ते हिला. आणि लपून करण्यातही हीच पुढे गेली. माझ्या नाकासमोर माझीच सेवा करून गेली आणि मला पत्ता लागला नाही. जुनं दुखणं होतं तिथेच होतं. पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते मला विचारायला लावत होतं. मी विचारलं, ‘काय काय म्हणायची?’ माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

‘बस इथे. सांगते. आधी हे धुऊ दे.’ तिनं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं आणि बाह्या वर सारल्या. मी उठले, ‘दे, पुसते तरी,’ म्हणाले, आणि तिनं नुसतं बघितलं. मी बसले. दोन ट्रे, सगळे मी खराब केलेले, आणि तिनं पहिला पेला उचलून पाण्याखाली धरला, जसे काही ते लोकांनीच पिऊन ठेवलेत. बसून राहणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. अंगठ्यापेक्षा रिकामा हात जास्त ठणकत होता. ‘म्हणायची,’ धाकटी नळाच्या आवाजात म्हणाली, ‘थोरलीचा हात जड आहे. पुसताना कातडं सोलवटून काढते. पण मला एकदाही पडू दिलं नाही. रात्री झोपेत असले तरी तिच्या हाताची पकड आठवते, म्हणून भीती वाटत नाही.’ मी रुमालाची गाठ चाचपली. ‘आणि म्हणायची, तिच्यासाठी कुणी काही करायला गेलं की ती चिडते, तर तू जपून कर.’ ती हसली. आईचं हसू. मी खिडकीबाहेर बघितलं.

पेले एकेक करून टॉवेलावर पालथे पडत होते. दुसरा पिवळा रुमाल तिनं पिशवीतून काढला होता. शेवटचा पेला पुसून तिनं तो खिडकीकडे धरला, डोळे बारीक करून निरखला आणि माझ्यासमोर आणला. ‘बघ गं, तुला कळतं त्यातलं. झाला का स्वच्छ?’ काठाच्या जरा खाली तिच्या अंगठ्याचा ठसा होता, अख्खा, रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट. उजेड त्यावरच पडला होता.

‘झाला,’ मी म्हणाले. ‘ठेव.’